नऊ वर्षांचे थोरले भाऊजी

वाघांनी तंबाखू सोडली, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा डोंगरातली जनावरं माणसांसारखी बोलायची आणि माणसं मात्र तोंड उघडलं की माती खायची. निदान मालसुकचं तरी तसं ठाम मत होतं, कारण तिच्या पदरात पडलेला माणूस चिल्बोक होता.

त्या वसंतात चिल्बोक खिंडीतून लाकडं न घेताच परत आला. गवताचा जोडा एकाच पायात, अंगरखा फाटलेला आणि तोंडावर मात्र लढाई जिंकल्याचा थाट.

"वाघ आडवा आला," तो म्हणाला. "पण मी डोकं चालवलं. सरळ लोटांगण घातलं आणि म्हटलं, दादा! अहो दादा! लहानपणी तुम्ही रानात हरवलात, तेव्हापासून आई रडून रडून अर्धी झालीय! वाघाच्याच डोळ्यांत पाणी आलं. सोडलं मला!"

"दादा?" मालसुकच्या हातातली पळी तशीच राहिली. "का, धाकटा भाऊ म्हणायला जीभ झडली होती?"

"अगं, केवढं डोकं त्याचं! त्याला धाकटा कसं म्हणायचं?"

"वय तरी विचारलंत का?"

"विचारलं ना! आपण काय रानटी आहोत, वय न विचारता बोलायला?"

"मग?"

"नऊ."

"आणि तुम्ही बत्तीस!"

"हो, पण तोवर माझा नमस्कार करून झाला होता. केलेला नमस्कार परत घेतला असता तर त्याला काय वाटलं असतं?"

मालसुकने कपाळाला हात लावला. या मुलखात दोन माणसं भेटली की आधी वय विचारतात, मग कोणी वाकायचं ते ठरवतात, मग बोलतात. तिच्या नवऱ्याने मरणाच्या दारातही रीत पाळली होती आणि तीही उलटी.

वाघाने याला सोडलं याचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. खाण्यासारखं त्याच्यात होतं काय? तिची चिंता वेगळी होती. तिला किल्ली हवी होती.

सासूच्या कमरेला कोठाराची पितळी किल्ली असायची. रोज सकाळी म्हातारी एकटी आत जायची, मोजून तांदूळ आणायची आणि कुलूप लावायची. दुसऱ्या कोणाला आत पाय ठेवायची बंदी. मालसुक अकरा वर्षं त्या घरात राबत होती. दर हिवाळ्यात दोनशे कोबी मिठात घालताना तिच्या बोटांना चिरा पडायच्या, आणि तिला तांदूळ मात्र भिकारणीसारखा ओंजळीत मिळायचा. शेवटी म्हातारीने शब्द दिला होता: या वर्षी सुगीच्या पुनवेला, पूर्वजांची पूजा झाली की किल्ली थोरल्या सुनेच्या हातात. एकुलत्या एका मुलाची बायको म्हणजे थोरली सून, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आता या दिवट्याने एका लोटांगणात थोरला दीर पैदा केला होता!

"गप्प बसा," तिने नवऱ्याला बजावलं. "कोणाला कळता कामा नये."

चिल्बोक गप्प बसला, म्हणजे दोन वाट्या तांदळाची दारू पोटात जाईपर्यंत. मग आपली मर्दुमकी त्याने सगळ्या गावाला ऐकवली.

पुनवेची सकाळ उजाडली. चुलीवर पाइनच्या पानांवर तांदळाच्या करंज्या वाफत होत्या, भाऊबंद नवे कपडे आणि टोप्या घालून अंगणात जमले होते, आणि फाटकातून वाघ आत आला. डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी टोपी, हनुवटीखाली नीट बांधलेली, पाठीवर रानडुक्कर. त्याने डुक्कर उंबऱ्याशी ठेवलं आणि चारही पाय पुसले. तेवढ्यात भावकीतले सर्वांत वडीलधारे सोंगपाल आजोबा जर्दाळूच्या झाडावर चढले होते. एरवी त्यांना पायरी चढायला दोन माणसं लागायची.

म्हातारी मात्र जराही दचकली नाही. "आलास का रे?" ती म्हणाली. "किती वाळलास!"

हे मालसुकला खटकलं. पण विचार करायला सवड होती कुठे?

"आजोबा, तुम्हीच सांगा," ती झाडाकडे बघत म्हणाली. "हा आमच्या घरातला थोरला कसा?"

आजोबांनी फांदी घट्ट धरली. "चिल्बोकने त्यांना वाकून नमस्कार केला की नाही?"

"केला," चिल्बोक अभिमानाने म्हणाला.

"झालं तर मग. पूर्वजांपुढे पहिला प्याला थोरल्याने ओतायचा. शास्त्र म्हणजे शास्त्र."

"शास्त्र झाडावरून बरं सुचतं!" मालसुक म्हणाली. तिला त्या सगळ्या टोप्यांची किळस आली. एकाच्याही मानेत हाड नव्हतं.

वाघ पूजेच्या चौरंगापुढे बसला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "चिल्बोक, तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. हे काय मांडलंयस?"

"चुकलं, दादा."

"दरवर्षी असंच मांडतोस?"

"हो, दादा."

"बाबा इतकी वर्षं उपाशी राहिले असतील," वाघ म्हणाला आणि त्याने पंज्याने बोरं आणि सोललेले चेस्टनट जागच्या जागी लावले. मग असा वाकून नमस्कार केला, की शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही. चिल्बोक त्याच्या मागे वाकला आणि तोल जाऊन बाजूला कलंडला.

पूजा संपली. मालसुक सासूपुढे जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. म्हातारीने किल्लीवर मूठ आवळली.

"थोरल्या सुनेची आहे ती," म्हातारी म्हणाली. "याचं लग्न होऊ दे."

"वाघाचं लग्न?" मालसुकचा बांध फुटला. "माझी अकरा वर्षं गेली त्या किल्लीपायी! अहो वाघोबा, ऐका. हा माणूस खोटं बोलला. जीव वाचवायला थाप मारली याने! तुम्ही याचे कोणी नाही. तुम्ही नऊ वर्षांचे आहात!"

झाडावरून एक जोडा खाली पडला.

"माहीत आहे, बाळ," वाघ म्हणाला. "माझ्या आईचं कातडं एका सरदाराच्या बैठकीत अंथरलंय. पण आजवर माणसं मला बघून किंचाळली तरी किंवा भाला तरी फेकला. हा वाकला आणि दादा म्हणाला. मग माझंही काही कर्तव्य झालंच की." तो म्हातारीकडे वळला. "आई, मला लग्न करायचं नाही. किल्ली हिला द्या."

"आज नको," म्हातारी पुटपुटली. "पुढच्या वर्षी देते."

"आई. मी थोरला आहे."

म्हातारीने गाठ सोडली. किल्ली मात्र मुठीतून सुटेना. म्हातारीला सत्ता सुटत नाही, मालसुकच्या मनात आलं, आणि तिने किल्ली जवळजवळ हिसकावलीच. सगळ्यांच्या देखत ताठ मानेने ती कोठाराकडे गेली, कुलूप काढलं, आत शिरली.

कोठार रिकामं होतं.

भिंतीपासून भिंतीपर्यंत रांजणांची ओळ होती आणि एकेका रांजणात तिने हात घातला तर तळ लागत होता. एकातच मूठ-दोन मूठ तांदूळ. कोपऱ्यात पोत्याखाली रानडुकरांचे सुळे रचलेले होते. वसंतापासून दर पुनवेचे, सहा जोड्या. म्हणजे पहाटे सगळ्यांच्या आधी उठून वाघाने उंबऱ्यावर ठेवलेली शिकार उचलायची, गुपचूप बाजारात द्यायची आणि तांदूळ आणायचा, हे सासूचं काम होतं. आणि त्याआधी? एकेक सणाला सासूच्या अंगावरचा एकेक दागिना कमी होत गेला, ते मालसुकला आता आठवलं. नवऱ्याच्या लाकडांवर घर चालतं असं ती समजत होती. घर नऊ वर्षांच्या दिराच्या जिवावर चाललं होतं.

दारात सावली पडली. सासू उभी होती.

"कळलं ना?" म्हातारी हळूच म्हणाली. "म्हणून देत नव्हते गं."

मालसुकला तिला खूप काही बोलायचं होतं. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. पण तिने खाली वाकून सुळ्यांवर पोतं नीट ओढलं. अंगणातून आजोबांचा आवाज आला. ते एव्हाना खालच्या फांदीवर उतरले होते.

"काय गं सूनबाई, कोठार कसं आहे?"

सगळी भावकी माना उंचावून बघत होती. मालसुक बाहेर आली, दार ओढलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. किल्ली कमरेला बांधली.

"भरलंय," ती म्हणाली. "पाय ठेवायला जागा नाही."

वाघाने नाक जरासं फेंदारलं. त्याला वासावरून सगळं कळलंच असणार. त्याने टोपी सारखी केली.

"मोठे भाऊजी, हात धुवा, जेवायला बसा," मालसुक म्हणाली आणि वाकली, पार कपाळ जमिनीला लागेपर्यंत.