मागाशेजारची जागा

येवल्याच्या त्या आळीत भिकनचा माग चालू असला की कुसाबाईचं गाणं रस्त्यापर्यंत यायचं. जाणाऱ्याला वाटायचं, काय गळा दिलाय बाईला. कुणी तसं म्हटलं की ती मान खाली घालायची. पैठणीच्या पदरावरचा राघू विणताना ती रंगीत रेशमाची एकेक कांडी नवऱ्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची,

राघूच्या पंखाला, पोपटी देते बाई,
चोचीच्या टोकाला गं, लाल कांडी.

भिकनला पोपटी आणि केशरी यांतलं काहीच निराळं दिसत नसे. दोन्ही मातकट. त्याच्या मामाचंही तसंच होतं. तोच मामा कुसाबाईचा बाप. घरातले पुरुष विणायचे, बायका शेजारी बसून रंग गाऊन सांगायच्या. बाहेर कळलं तर रेशीम कोण हाती देईल? म्हणून सून परक्या घरची आणायची नाही, मामाचीच लेक करायची, अशी रीत पडली होती. भिकनची आई कुसाबाईची आत्या. हळद निघायच्या आत तिनं भाचीला मागाशेजारी बसवलं आणि कानाशी येऊन सांगितलं, "आता ह्याचे डोळे तू."

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ते डोळे विझू लागले. साखरेचा आजार. आधी काळे ठिपके तरंगले, मग सगळ्यावर दूध सांडल्यासारखं झालं. तिच्या जागेवर लेक सरिता आली. शाळा नीट होऊ दे म्हणून तिला तोवर मागाजवळ फिरकू दिलं नव्हतं. आणि बायकांची नजर कधी चुकत नाही, ही तर घरातली पक्की खात्री.

कुसाबाईनं उरल्यासुरल्या नजरेनं कापडाला नाक लावून पाहिलं, तर राघूचा पंख केशरी. पोरीला बोलणी बसली. पंख उसवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केशरी.

नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिघं गेली ती कुसाबाईसाठी. त्यांनी पडदा तपासला आणि हळूच सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही, आहे तेही फार टिकणार नाही. कुसाबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं जाऊ द्या. ह्या पोरीचं ध्यान नाय, साहेब. धड रंग देत नाय बापाला."

डॉक्टरांनी कपाटातून एक पुस्तक काढलं. पानभर रंगीत ठिपके, बांगड्यांच्या काचा सांडाव्यात तसे. यात आकडा कोणता, त्यांनी विचारलं.

"एकवीस," सरिता म्हणाली. तिच्या खांद्यावरून वाकलेला भिकनही त्याच दमात म्हणाला, "एकवीस." आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून हसला. "बघा, बराबर सांगितलं का नाय?"

"इथं चौऱ्याहत्तर आहे," डॉक्टर म्हणाले.

पुढची पानंही तशीच गेली. एका पानावर दोघांना नुसते ठिपकेच दिसले. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही नवराबायको नात्यातले का? मग चिठ्ठीच्या पाठीवर रेघा ओढत समजावलं. डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन तऱ्हेच्या. यांच्यातली एक तऱ्हा जन्मापासून बिघडलेली. हा दोष आईकडून येतो. मुलाला एकच वाटा मिळतो, तो बिघडला की संपलं. मुलीला दोन मिळतात, एक आईचा, एक बापाचा. एक चांगला असला तरी ती निभावते. तिला हे व्हायला दोन्हीकडून बिघडलेलाच वाटा यावा लागतो. यावर औषध नाही. कांड्यांवर कुणाकडून तरी रंगांची नावं लिहून घ्या, एवढंच त्यांनी सुचवलं.

परतीच्या एसटीत सरितानं कांड्यांवर नावं लिहून घ्यायचा विषय काढला. भिकन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कुणाकडून? विचारलं की आळीला कळलं."

नाशिक मागं पडल्यावर कुसाबाई लेकीचा हात चाचपत म्हणाली, "झाकायचं म्हणून घरातच सोयरीक केली, बाई. तेच तुझ्या डोळ्यात उतरलं."

पावसाळा सरता सरता तिला अंधार-उजेडाखेरीज काही कळेनासं झालं. मागावरची पैठणी अर्धी होती. सोडून देता येत नव्हती. सरिता कांडी द्यायची, भिकन विचारायचा, "पोपटीच ना?" ती म्हणायची, "हो आबा." ती हो म्हणते म्हणून तो विणायचा. तिला ठाऊक नाही हे त्याला ठाऊक होतं.

एका सकाळी शेजारची लंकाबाई विरजण मागायला आली. दारातच तिची नजर मागावरच्या पैठणीच्या पदरावर गेली. स्वतःचा पदर सावरत ती तिथंच उभी राहिली.

"छान झालंय," ती म्हणाली. मयताच्या घरी बोलावं तसा आवाज. वाटी तिथंच ठेवून ती निघून गेली.

"काय म्हनली?" कोपऱ्यातून कुसाबाईनं विचारलं.

"छान म्हणाली," सरितानं सांगितलं.

भिकननं पुढच्या कांडीसाठी हात लांब केला होता, तो तसाच राहिला. सरितानं कांड्यांकडं पाहिलं. एकीलाही हात लावला नाही.