दारावरची पिशवी

"दारावरच्या पिशवीला हात लावायचा नाही हं, पोरी. असेल तशी राहू दे. दूधवाली बघते ती."

पिल-सुन आजींनी हे गेल्या हिवाळ्यातच सांगितलं होतं, बोरमच्या हातात भाजलेलं रताळं कोंबता कोंबता. बोरम हसली होती. कुणी दूध पळवील अशी धास्ती असेल म्हातारीला, असं धरून तिनं "हो आजी, नाही लावत," म्हटलं आणि रताळं सोलायला घेतलं.

बुसानच्या त्या टेकडीवर अजून कोळशाच्या विटांनीच घरं उबदार होतात, आणि विटांची गाडी वरपर्यंत चढत नाही. म्हणून दर हिवाळ्यात बोरमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी चढावर रांग लावतात आणि भोकाभोकांच्या काळ्या विटा हातोहात वर पोचवतात. बोरम टेकडीच्या पायथ्यालाच राहायची. मुलगी झाली तशी नोकरी सुटली होती. आपला घराबाहेरही कुणाला उपयोग आहे, एवढं वाटायला तिला हा एक दिवस वर्षभर पुरायचा.

यंदा लेक हारन तिच्या पाठीला बांधलेली होती, म्हणून तिला धुळीपासून लांब, चहाचं काम दिलं होतं. पिल-सुन आजींच्या भिंतीशी विटांची थप्पी लागली तेव्हा त्यांचं दार बंद होतं. बोरमनं टकटक केली.

"आजी! विटा आल्या!"

आतून काहीच नाही.

"म्हाताऱ्यांच्या मंडळाच्या खोलीत पत्ते कुटत बसल्या असतील," ग्योंग-आ ताई म्हणाली. ती कॉलेजात बोरमच्या पुढच्या वर्गात होती आणि आजही सगळ्यांना तिथल्यासारखीच हुकूम सोडायची. "डाव जिंकत असतील तर जेवायलाही उठायच्या नाहीत. चला, फलक धरा! बोरम, ती लोंबणारी पिशवी नीट कर गं. फोटोत कॉलेजच्या नावाआधी तीच दिसतेय."

बोरमनं कापडी पिशवीत हात घातला. दुधाची बाटली उन्हानं कोमट झाली होती. घरी फ्रिजबाहेर राहिलेलं दूध ती मुलीच्या आसपासही फिरकू देत नसे. हे पिऊन आजींचं पोट बिघडलं तर? तिनं दूध गटारात ओतलं, बाटली कचऱ्यात टाकली आणि रिकामी पिशवी चापूनचोपून दाराला सपाट लावली. पायरीवर आजींचे लोकरीच्या अस्तराचे बूट वाकडेतिकडे पडले होते, तेही तिनं टाचा जुळवून ठेवले. बाहेर जाताना दुसरा जोड घातला असेल, असं मनात येऊन गेलं. तेवढ्यात हारननं भोकाड पसरलं.

"एक, दोन, तीन... किमची!" सगळ्याजणी एका सुरात ओरडल्या, आणि फोटो झाला.

आजी सापडल्याचा फोन काही दिवसांनी आला. ते दूध नुसतं पिण्यासाठी नसतंच, हे बोरमला तेव्हा कळलं. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या दारात ते एक दिवसाआड मुद्दाम टाकतात. आधीची बाटली पिशवीत तशीच दिसली की दूधवाली प्रभाग कचेरीत कळवते. फोटोच्या दुसऱ्या दिवशी तिला पिशवी रिकामी दिसली. तिनं नवी बाटली ठेवली आणि ती पुढच्या दाराकडे गेली. ती नवी बाटलीही उचलली गेली नाही, तेव्हा कुठे दार फोडलं. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. कंबरेचं हाड मोडलेलं, चूल कधीची विझलेली. भिंतीपलीकडे कोऱ्या विटांची थप्पी उभी होती.

हारनला आईकडे ठेवून बोरम तांदळाची पेज घेऊन इस्पितळात गेली. दोन घास घेतल्यावर आजी म्हणाल्या, "तुम्ही आला होतात ना, ते ऐकलं मी."

"आजी..."

"ओरडायला गेले, पण घशातून आवाज फुटेना. तू विटा आल्या म्हणालीस. मग सगळ्या मिळून किमची किमची केलंत. मी म्हटलं, जाऊ देत. कालचं दूध आहे बाहेर. उद्या दूधवाली बघेल."

बोरमनं चमचा वाडग्यात ठेवला. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. कचेरीत सगळे दूधवालीलाच बोल लावत होते, की तिनं पिशवीत धड पाहिलंच नसेल.

"दूध मी ओतलं," ती म्हणाली. "खराब झालं असेल असं वाटलं मला."

आजी बघतच राहिल्या. "भरलेली बाटली?"

"हो."

"मांजराला तरी घालायचंस."

बोरमला हसूही येईना, रडूही येईना.

"सांगितलं होतं ना गं तुला?"

"हो, आजी."

"मग?"

बोरम चमच्यानं पेज ढवळत राहिली. आजींनी वाडग्याकडे बोट केलं. "गार होतंय ते."

त्या आता पुन्हा टेकडी चढणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

इस्पितळाच्या पायऱ्यांवरूनच बोरमनं कचेरीत फोन केला. बाटली आपण काढली, दूधवालीचा दोष नाही, असं दोनदा सांगितलं. घरी आली तर ग्योंग-आ ताईचा निरोप होता. माजी विद्यार्थिनींच्या पत्रिकेसाठी विटांच्या दिवसाबद्दल चार ओळी हव्या होत्या, गोड काहीतरी. बोरमनं जे घडलं तेच लिहून पाठवलं.

लगेच फोन वाजला. "अगं, वेडी का तू? हे वाचून पुढच्या वर्षी कोण येईल?"

"फोटोही छाप, ताई."

"फोटो? आता?"

"नीट बघ. पायरीवर आजींचे बूट आहेत. आम्ही सगळ्या त्या बुटांशेजारी उभ्या राहून हसतोय."

ताईनं फोन ठेवला. पण मजकूर छापून आला, फोटोसकट. शेवटी बोरमनं लिहिलं होतं:

"विटा पोचवणं सोपं होतं, त्यानं आमचे हातच काळे झाले. तुमच्या जिन्यावर, तुमच्या गल्लीत कुणीतरी एकटं राहत असेल. हे वाचून झालं की उठा आणि त्यांचं दार वाजवा. बूट बाहेर असतील तर आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका."