वहिनींसाठी लिफ्ट

सुट्टीच्या दिवशी माणसानं लोळावं, एवढं साधं मला कळतं. पण उस्तादला कोण सांगणार? लिफ्टदुरुस्तीच्या आमच्या टोळीचा तो म्होरक्या. वर्षातून एकदा सगळ्यांना मिळून सुट्टी मिळते, आणि हा बाबा सकाळी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन माझ्या दारात. मागे लंबू आणि वायरमन. म्हणे, वहिनी आहेत तिथली लिफ्ट आज करून टाकू.

बायको आजारी माणसांच्या एका धर्मादाय संस्थेत आहे, तिसऱ्या मजल्यावर. अर्धं अंग गेल्यापासून तिथंच. घरी मी एकटा, तोही दिवसभर कामावर. तिला कूस बदलायलाही माणूस लागतं. तिथली लिफ्ट कधीची बंद. जगाच्या लिफ्ट मी चालू करतो आणि माझीच बायको वर अडकलेली. हल्ली तर तिनं अन्नच टाकलं होतं. चमचा पुढे केला की तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, मनानंच सोडलंय, अशानं त्या फार दिवस काढायच्या नाहीत.

उस्तादचं म्हणणं, अंगणात जरा ऊन खाल्लं की भूक लागेल. मी म्हटलं, तुम्हाला कशाला फुकटची हमाली. त्यानं अशी शिवी हासडली की मी गुपचूप चपला घातल्या.

तिला सांगितलं, "आज लिफ्ट चालू होणार. तुला खाली नेणार."

किती दिवसांनी हसली ती, अर्ध्या तोंडानं का होईना. आयाकडून वेणी घालून घेतली, चाकाच्या खुर्चीत बसली आणि आपली कापडी पिशवी मांडीवर घेतली. दुपारी ताटातलं सगळं संपवलं. माझा जीव भांड्यात पडला.

आणि काय राबली ती माणसं! लंबू खालच्या खड्ड्यातल्या घाणीत उतरला. वायरमननं घरून आणलेल्या वायरी टाकल्या. चाचणीला लिफ्टमध्ये आधी वजनाच्या गोण्या, मग दुरुस्त करणारा, मग लोक, हा आमचा रिवाज. उस्ताद स्वतः वर-खाली करून आला आणि वहिनींना धक्का बसायला नको म्हणून त्यानं ब्रेक पुन्हा खोलला. मला भरून आलं. अशी माणसं पाठीशी असली की वाटतं, होईल सगळं नीट.

उन्हं कलताना तिला खाली आणलं. अंगणात ती थांबेचना. चांगल्या हातानं फाटकाकडे दाखवत राहिली.

"चला," ती म्हणाली, "घरी."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. पिशवीत तिच्या साड्या होत्या, कंगवा होता, चपला होत्या. जिना उतरता येत नाही म्हणूनच आपल्याला इथं ठेवलंय, असं ती धरून बसली होती. आणि आम्ही पडलो लिफ्टवाले. लिफ्ट चालली की आमचं काम झालं. तिला कुठं जायचंय हे एकानंही विचारलं नव्हतं.

लंबू म्हणाला, आमच्याकडे नेऊ. त्याच्या एका खोलीत सहा माणसं राहतात. उस्ताद नुसता फडक्यानं हात पुसत राहिला, ते कधीच स्वच्छ झाले होते तरी.

मग आया आली. म्हणाली, आता वर न्यायला हवं. मी खुर्ची फिरवली. उस्तादनं दार लावलं आणि मी बटण दाबलं.

जरासुद्धा धक्का बसला नाही. तिनं पिशवी घट्ट धरली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अहो, ही वर का चाललीय?"