काळी वर्तुळं

मी पोलादाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, गोळ्यांचं चक्र टायटॅनियमचं. मी एक हलका रिव्हॉल्व्हर, आणि घासून घासून जीव नकोसा झाला म्हणून बोलतोय.

माँटानाच्या डोंगरात लोरेटाच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. अस्वलं मधाला चटावलेली, आणि ती एकटीच वर जाते. पोलादी रिव्हॉल्व्हर जड म्हणून ती घरीच ठेवून जायची. तेव्हा तिच्या नवऱ्याने, व्हर्लनने, मला आणलं. त्याचे गुडघे गेलेत, तिच्यासोबत चढता येत नाही. याचं त्याला फार वाईट वाटतं, आणि ते सगळं दुःख तो माझ्यावर काढतो.

रविवारी चर्चहून आला की स्वारी टेबलावर वर्तमानपत्र अंथरते. गोळ्या झाडल्या की माझ्या चक्राच्या तोंडाशी काळी वर्तुळं उमटतात. उमटणारच! पण ती दिसली की याचा जीव खालीवर. बंदूक चकचकीत तर माणूस नीटनेटका, ही त्याच्या बापाची शिकवण. पोलादाला ते चालतं हो. माझ्या अंगावर मात्र जाळापासून राखणारा पातळ लेप होता. पॉलिशने खरवडून याने तोच घालवला. मग प्रत्येक बाराला जाळ मला कुरतडू लागला.

"अरे, घासू नका म्हणून सोबतच्या कागदात लिहिलंय," लोरेटा म्हणायची.

"कागद लिहिणाऱ्याने जन्मात कधी बंदूक पुसलीय का?"

यंदा वसंतात ती कुंपणापाशी नेम धरत होती. माझं चक्र आणि नळी यांच्यामधल्या झिजलेल्या फटीतून तापलेला कण उडाला आणि तिचा अंगठा फाटला. गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याने मला उजेडात धरलं.

"व्हर्लन, याला आगीने खाल्लंय. पण पान वाढलंस तू. ते डाग तसेच ठेवायचे असतात."

घरी येईपर्यंत व्हर्लन तिच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडेच बघत होता.

आता मी खणात पडून असतो. माझ्या जागी हुबेहूब माझ्यासारखाच नवा आलाय. काल लोरेटाने त्याच्यावर सराव केला, आणि त्याच्याही चक्रावर काळी वर्तुळं उमटली. आज रविवार. खण अर्धा उघडा आहे, आणि मला टेबलावरचं वर्तमानपत्र दिसतंय.

"एकदाच, हलक्या हाताने," व्हर्लन स्वतःशीच पुटपुटतोय. "तिला उद्या वर जायचंय, नीट नको का?"

माया आहे, मला कळतं. पण लोरेटा, बाई, हातातलं काम टाक आणि आधी ती पॉलिशची डबी चुलीत घाल. अस्वलासमोर तू एकटीच असणार आहेस.