कोंडवाड्यातलं काळीज

किसनने प्रयोगशाळेच्या फाटकाला कुलूप ठोकलं आणि समोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. मारुंजीची ती जागा दोन चुलतभावांची सामाईक. धाकट्या इंद्रजितने किसनला न विचारता ती प्रयोगशाळेला भाड्याने दिली, करारावर एकट्याने सही केली आणि स्वतः बावधनला फ्लॅटमध्ये जाऊन राहिला. आज सकाळपासून त्याचा फोन बंद होता.

साधना टेम्पोतून उतरली. मागे इन्क्युबेटरला लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर होता, हातात बर्फाची पेटी. आत इन्क्युबेटरमध्ये तिच्या पेशी होत्या आणि त्यांचं खाद्य आजच बदलायचं होतं. मानवी भ्रूणाच्या मूळ पेशींपासून हृदयाचा स्नायू बनवायचा, हे तिचं काम. आधीच्या खेपा वाया गेल्या होत्या. कधी पेशी मरत, कधी भलतंच काही बनत. ही पहिली खेप सरळ चालली होती. ही गेली तर काम बंद, असं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, निरंजन सरांनी, बजावलं होतं. कुलपाचं कळवायला तिने फोन केला, तर ते म्हणाले, "तूही त्याच मुळशी भागातली ना? घे सांभाळून."

"कुलूप काढा, काका."

"इंद्रजितला आना, काढतो."

"तुमच्या भांडणात माझ्या पेशी मरतील."

"मरू द्या की. कोंडवाड्यात घातलंय समजा. मालक आला, दंड भरला, की सोडू." किसनने तंबाखूची चिमूट ओठाआड सरकवली. "हाय तरी काय असं आत?"

साधनाने सांगितलं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेले भ्रूण आईबापाच्या संमतीने संशोधनाला मिळतात. त्यातल्या पेशींनी पुढे काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. वेळ साधून खाद्यातून नेमकं औषध दिलं, की त्याच पेशी हृदयाच्या होतात, डोळ्याच्या होतात, मज्जातंतूच्या होतात.

"मंग आमच्या इंद्रजितला पाजा की दोन थेंब. मानूस तरी व्हईल."

टेम्पोवाला हसला. साधना हसली नाही.

"म्हंजी पोटातली पोरं कापता तुमी हितं," किसन म्हणाला.

"पोटात कधी गेलेच नव्हते ते."

"असं तुमी म्हनता. गावानं इच्यारलं तर मी काय सांगू?"

"आत या. स्वतः बघा, मग सांगा गावाला."

ताटलीतलं धडधडणारं काळीज बघितलं की भलेभले विरघळतात, असा तिचा अनुभव होता. निरंजन सर विरघळले होते, ते ज्यांना घेऊन येत ते पाहुणेही. त्या भरवशावर तिने किसनला बोलावलं.

त्याने तिला एकटीला आत घेतलं, टेम्पो बाहेरच ठेवला आणि फाटक आतून पुन्हा लावलं. दारात वहाणा काढून त्याने तिने दिलेल्या निळ्या पिशव्या पायांत चढवल्या. "चिखल आमचा, जागा आमची, अन् पिशव्या आमीच घालायच्या," तो पुटपुटला.

तिने इन्क्युबेटरमधून ताटली काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. किसन वाकला. एक डोळा मिटावा की दोन्ही उघडे ठेवावेत, हे त्याला कळेना. मग तो थबकला. भिंगाखाली फिकट, जाळीसारखा थर होता आणि तो एका लयीत आकसत होता, सैल होत होता.

"हलतंय."

"धडधडतंय. हृदयाच्या पेशी आहेत त्या."

तो बराच वेळ बघत राहिला. साधना वाट बघत होती. तो ताठ उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा आधीपेक्षा कठीण होता.

"म्हंजी जितं हाय."

"हो."

"दावलंत ते लई बरं झालं. मला वाटलेलं, बाटल्या अन् कागदं असतील. आता इंद्रजितला यावंच लागंल. चला भाईर."

आपण आपल्याच हाताने त्या कुलपाची किंमत वाढवली, हे साधनाला कळलं. तिने ताटली उबेत परत ठेवली, पण जागची हलली नाही. नोकरीत लागल्यापासून बाजूला ठेवलेली माहेरची बोली तिच्या तोंडात आली.

"कोंडवाडा म्हनलात ना, काका? मंग कोंडवाड्याची रीत पाळा. आमच्याकडं वैऱ्याचं जनावर कोंडलं तरी चारापानी चुकत न्हाई. कोंडलेलं मेलं, तर पाप मालकाला न्हाई लागत. कोंडनाऱ्याला लागतं."

"कुटली म्हनायची तू?"

'तुमी'ची 'तू' झालेली तिने ऐकली. "कोळवनची."

"तरीच. जीभ हाय का कोयता?" तो दारात भिंतीला टेकून उभा राहिला. "घाल चारा."

तिने पेटीतला लालसर द्रव कोमट केला, जुना काढून नवा घातला. त्याची नजर तिच्या बोटांवरून ढळली नाही.

"आता सिलिंडर आत घ्यायचाय," ती म्हणाली.

"चारापानी म्हनलीस. वाऱ्याचं कुटं म्हनलीस?"

"आतला संपत आलाय. त्या गॅसबिगर हे पानी जांभळं पडंल अन् समदं मरंल. कुनी मारलं, ते मंग मी सांगीन गावाला. जितं हाय, असं तुमीच म्हनला."

किसन तंबाखू थुंकायला बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. मग फाटक वाजलं.

"टेम्पोवाला आत येनार न्हाई," त्याचा आवाज आला. "इंद्रजितचा मानूस असंल."

तो सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"पिशव्या बदला," साधना म्हणाली. "त्याच घालून भाईर गेला व्हता."

ओझं खांद्यावर तसंच ठेवून तो तिच्याकडे रोखून बघत राहिला. मग त्याने सिलिंडर खाली ठेवला, पिशव्या बदलल्या आणि पुन्हा उचलला. तिने नळी जोडली. काटा वर सरकला.

ती फाटकाबाहेर पडताच त्याने कुलूप लावलं आणि ओढून बघितलं.

"उद्या एकटीच ये," तो खुर्चीवर बसत म्हणाला. "अन् उद्या काय मेलंबिलं, तर माज्या नावानं बोंब न्हाई पायजे. आज जितं व्हतं. तूबी बघितलंयस."