राहायची सोय आहेच

वॉटरपार्कच्या गावात राहणाऱ्याला नातेवाइकांचा तुटवडा कधी पडत नाही. पंपवाल्याला तर उन्हाळा लागला की नवे नातेवाईक फुटत. पार्कातलं पाणी उपसायचं, गाळायचं, त्यात औषध सोडायचं, हे त्याचं काम. पण सासरच्या मंडळींत त्याचा रुबाब असा, की जणू सगळ्या घसरगुंड्या त्यानेच बांधल्यात.

तो रुबाबच त्याला नडला. सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साडूने विचारलं, "तुमच्याकडे स्वस्तात कसं जमेल?" आणि गडी फुलला. शनिवार-रविवार टाळा. तिकीट दुपारनंतरचं काढा, अर्ध्यात पडतं. पोहायचे कपडे आणि लॉकरचं कुलूप घरून आणा, गेटवर भाड्याने घ्याल तर गळा कापतात. पोटभर खाऊनच आत शिरा. इथवर ठीक होतं, पण अंगठा थांबेना. शेवटी त्याने लिहिलं, "आणि राहायची सोय? आमचं घर आहेच की!"

आता हे वाक्य आपण सगळेच बोलतो. ते म्हणायचं असतं, त्यावर समोरच्याने "हो हो, येऊ की" म्हणायचं असतं आणि मग दोघांनी विसरायचं असतं. साडू विसरला नाही.

मंगळवारी सकाळी साडू, मेहुणी, त्यांची दोन कार्टी आणि साडूचा थोरला भाऊ बायकोसह दारात हजर. मुक्काम रविवारपर्यंत. रोज दुपारी पार्क.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत पंपवाल्याची मुलगी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करत होती. परीक्षा शुक्रवारी. गेल्या वर्षी ती थोडक्यात हुकली होती. यंदा हुकली तर पार्काच्या गेटवर तिकिटं फाडायची नोकरी तिची वाट बघतच होती, आणि ती नोकरी तिला नको होती.

"तू कर गं अभ्यास, आम्हाला तुझी मुळीच अडचण नाही," मावशी संध्याकाळी म्हणाली आणि मुलीच्या टेबलावर ओले कपडे वाळत घातले.

मुलगी पुस्तक घेऊन न्हाणीघरात गेली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसली. पण सहा पाहुण्यांच्या घरात न्हाणीघराला कुठली उसंत? पानभर वाचून होतंय तोवर दारावर थाप पडे.

"अहो, बोला ना त्यांना काहीतरी," बायकोने शेगडीपाशी नवऱ्याला गाठलं.

"काय बोलू? मीच बोलावलंय."

"बोलावलं नाहीत. फुशारकी मारलीत."

भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही. पंपवाल्याच्या तोंडून आयुष्यात कधी नकार निघाला नव्हता. खोटं बोलणं त्याला त्याहून सोपं वाटलं. बुधवारी सकाळची पाळी उरकून तो घरी आला आणि चेहरा पाडून म्हणाला, "पार्क बंद झालाय. मोठा पंप जळला. आठवडाभर तरी उघडत नाही."

आता बॅगा भरल्या जातील म्हणून तो वाट बघू लागला.

"अरेरे!" साडू म्हणाला. "मग असं करू, आम्ही पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो. राहायचा खर्च तर काही नाहीच."

फुकट ते पौष्टिक! काल दुपारी निदान चार तास घर मोकळं होतं, आज तेही गेलं. साडूने टीव्ही लावला, थोरल्या भावाने मुलीच्या पलंगावर पत्ते मांडले, कार्टी उशा फेकू लागली.

न्हाणीघराचं दार उघडलं. मुलगी थेट टीव्हीसमोर येऊन उभी राहिली.

"काका, पार्क चालू आहे. बाबा खोटं बोलले. माझी परवा परीक्षा आहे आणि मला बसायला जागा नाही. तुम्ही लॉजवर जा."

साडूने टीव्ही बंद केला. तो पंपवाल्याकडे वळला. "ऐकलंत, साडूभाऊ? पोरीला काही वळण लावलंय की नाही?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. सासरचे आपल्याला कद्रू म्हणतील या एकाच भीतीने त्याने लग्नापासूनचे सगळे उन्हाळे काढले होते. त्याने मुलीकडे पाहिलं. तिच्या पायांची बोटं ओल्या फरशीने पांढरी पडून सुरकुतली होती, दिवसभर पार्कात डुंबणाऱ्यांची होतात तशी. त्याला स्वतःची लाज वाटली.

"बरोबर बोलतेय ती," तो म्हणाला. आवाज कापला. "तुम्ही लॉजवर जा."

मग घर दणाणलं. मेहुणीने रडून घेतलं. "ताई, तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही!"

"बरं," ताई म्हणाली. "टॉवेल तेवढे काढून ठेव, आमचे आहेत."

सवय जाते कुठे? पाहुण्यांची सगळ्यात जड बॅग पंपवाल्यानेच खांद्यावर घेतली आणि तो पुढे चालू लागला. लॉजची पाटी दिसली तसा साडूचा राग बराच उतरला. तो पावलं उचलत पंपवाल्याच्या बरोबरीने आला.

"लॉजवाला ओळखीचा असेल ना तुमच्या? तुमचं नाव सांगितलं तर भाडं थोडं कमी करेल?"

लॉजवाला पंपवाल्याचा शाळेपासूनचा दोस्त होता.

"नाही," पंपवाला म्हणाला. या वेळी आवाज कापला नाही.