त्यु म्हणण्याचा सराव

धडा पहिला

"ओठ 'ऊ'चे करा," मॅडम म्हणाल्या, "आणि आतून 'ई' म्हणा. ओठांचं काय चाललंय ते जिभेला कळू द्यायचं नाही."

वर्गातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी ओठांचा चंबू केला. कुणाची तरी शिट्टी निघाली. ड्यूटी संपवून तशीच आलेली नर्स खुदकन हसली. पहिल्या बाकावर एक निवृत्त सर्व्हेअर होते. पहिला तास संपायच्या आतच त्यांचं नाव शंकासुर पडलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, हा 'तू' आहे की 'ती'?"

"दोन्ही नाही. त्यु. अर्थ मात्र तू."

"म्हणजे तूच की!"

"जवळजवळ. आणि मान द्यायचा असेल तर व्हू. म्हणजे तुम्ही."

वर्गाने हुश्श केलं. एवढी परकी भाषा, आणि आत शिरल्या शिरल्या तू-तुम्ही भेटावं, हे म्हणजे अनोळखी लग्नात आपल्या गल्लीतलं माणूस दिसण्यासारखं झालं.

"आता शेजाऱ्याशी जोडी करा आणि विचारा, तू बरा आहेस ना?"

चष्मेवाले काका आणि काकू एकाच बाकावर होते, त्यामुळे जोडी आयतीच होती. काका वळले आणि गिऱ्हाइकाला नंबर विचारावा तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "त्यु व्हा बियँ?"

आता काकूंची पाळी. काकूंनी ओठ 'ऊ'चे केले. आतून 'ई' सोडली. समोर नवरा. लग्न झाल्यापासून ज्याला 'अहो' याखेरीज दुसरं नाव दिलेलं नाही, तो नवरा. ओठ जमले, जीभ जमली, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"व्हू... व्हू..."

"काकू, नवऱ्याला व्हू नाही म्हणत," मॅडम म्हणाल्या. "नवऱ्याला व्हू म्हणणाऱ्या बायका आता फार थोड्या. त्यांच्याकडे किल्ले असतात."

"आमच्याकडे चष्म्याचं दुकान आहे," काका म्हणाले.

"मग त्युच."

सगळे हसले. काकूही हसल्या. पण त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला तो तिथून. या माणसाला तू म्हटलं तर आत कोण निघेल?

गाळलेल्या जागा भरा

काका-काकू फ्रेंच शिकत होते, कारण ______ .

(उत्तर: मुलगा. त्याची नोकरी ज्या शहरात होती तिथे फ्रेंच बोलत. तो म्हणाला, या इकडे. काका म्हणाले, येतो.)

दुकानाचं काय करायचं हे ______ ठरवलं.

(उत्तर: काकांनी. "आपण दुकान देऊन टाकतोय," असं त्यांनी जेवताना सांगितलं. "आपण तिकडे जातोय. विद्यापीठात संध्याकाळचे वर्ग असतात, आपण दोघांची नावं घातलीत.")

आपण, आपण, आपण. मराठीतला हा शब्द मोठा गोडबोल्या. तो समोरच्याला न विचारता पोटात घेतो. 'आम्ही जातोय' म्हटलं असतं तर काकूंना विचारता आलं असतं, आम्ही म्हणजे कोण कोण? 'आपण'मध्ये तो दरवाजाच नसतो. काकूंनी ताट उचललं आणि "बरं" म्हणाल्या.

त्या बरं म्हणाल्या, कारण ______ .

ही जागा काकूंना स्वतःलाही भरता येत नव्हती. भांडण होईल म्हणून? काका भांडत नसत. ते समजावून सांगत. पायऱ्या पाडून, उदाहरणं देऊन, शेवटी समोरच्याला आपणच हे सुचवलं होतं असं वाटेपर्यंत समजावून सांगत. त्यांच्या समजावण्यापुढे काकूंचं 'नको' कधी उभंच राहिलं नव्हतं.

आणि 'नको' तर होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत काकूंचं बाक होतं. पुढे काका नंबर काढत, फ्रेमी दाखवत, गप्पा मारत. मागे काकू भिंगं घासून फ्रेमीत बसवत आणि चष्म्याच्या काड्या वाकवून कानाबरहुकूम करत. ती खोली सोडून काकूंना कुठेही जायचं नव्हतं. दुकान घेणारा ठरला होता. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तो बोलणी पक्की करायला येणार होता. तोवर 'नको' म्हटलं नाही, तर मग जन्मभर म्हणायला जागाच उरणार नव्हती.

धडा चौथा (मधले दोन चुकले, दुकानात गर्दी होती)

सराव घरी करायचा असतो. काकूंनी तो मागच्या खोलीत केला.

घासण्याच्या यंत्राला म्हणाल्या, त्यु. ते घरघरलं. उन्हात बसलेल्या मांजराला म्हणाल्या, त्यु. ते उठून गेलं. मुलाचा फोन आला तेव्हा त्यालाही म्हणून पाहिलं.

"आई, मस्त! बाबांना म्हणतेस का?"

"तू म्हणतोस का?"

"मी? बाबांना? छे!"

काकू फोन ठेवून हातातल्या भिंगाकडे बघत राहिल्या. मुलगा तुम्ही म्हणतो. सून तुम्ही म्हणते. दुकानात येणारे सगळे काका-काका करतात. धाकटा दीर तेवढा अरेतुरे करायचा, तोही हल्ली पोक्त झाला. सासूबाई गेल्या, त्यानंतर या माणसाला तू म्हणणारं कुणी राहिलेलंच नाही की! हे त्यांच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं. एवढा मोठा माणूस, आणि त्याला हाक मारायला सगळीकडून नुसते तुम्ही, तुम्ही.

त्या संध्याकाळी वर्गात त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं. "त्यु व्हा बियँ?"

काकूंनी डोळे उघडले तर काकांचे कान लाल झालेले.

"काय झालं? चुकलं?"

"नाही," काका म्हणाले. मग जरा खाकरून, हळूच, "पुन्हा म्हण बघू."

क्रियापद: जाणे

मी जातो: जं व्हे.
तू जातोस: त्यु व्हा.
आपण जातो: नू झालों.
तुम्ही जाता: व्हू झाले.

"काय?" शंकासुर जागेवरून उठलेच. "मॅडम, पुन्हा सांगा. आपण जातो म्हणजे?"

"नू झालों."

"अहो, गेलो नाही तोवर झालो?"

वर्गात हशा पिकला. नर्सने वहीत तोंड लपवलं. 'नू झालों, व्हू झाले' म्हणत लोक जिना उतरले, आणि कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत कुणाला ते सोडवेना. काकाही हसत होते. "बघ," ते म्हणाले, "भाषासुद्धा आपल्याच बाजूची आहे. आपण जातो, म्हणजे झालो. काम फत्ते."

"आणि आम्ही जातो याला काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"तेच. नू झालों. त्यांच्यात आपण आणि आम्ही वेगळं नसतं."

"मग तिथे गेल्यावर एखाद्याला कळतं कसं, आपल्याला धरलंय की नाही ते?"

काका समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात बस आली.

तोंडी परीक्षा

मॅडमच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. खिडकी बंद, पंखा चालू, बाहेरच्या बाकावर शंकासुर क्रियापदं पुटपुटत बसलेले.

"सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्ही काकूंना कुठेतरी बोलवा. काकू, तुम्ही नाही म्हणा आणि कारण सांगा. मराठी शब्द आला तर गुण गेला. करा सुरू."

काकांनी फार विचार केला नाही. त्यांना जे वाक्य तोंडपाठ होतं तेच त्यांनी म्हटलं. पुढच्या महिन्यात आपण आपल्या मुलाकडे जातोय. "लं म्वा प्रोशँ, नू झालों शे नोत्र फिस."

काकूंना फक्त उत्तर द्यायचं होतं. नाही म्हणा, असं परीक्षकानेच सांगितलेलं. नाही म्हटलं तर गुण होते.

"नों," काकू म्हणाल्या.

शब्द बाहेर पडला आणि काहीही झालं नाही. पंखा फिरत राहिला. काकूंना मोठी गंमत वाटली. एवढासा शब्द, नाकातून म्हणायचा.

"त्यु व्हा," त्या म्हणाल्या. तू जा. "म्वा, जं रेस्त." मी राहते.

"छान!" मॅडमनी मान डोलावली.

काकांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी समजावून सांगायला सुरुवात करण्यासाठी हात उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. समजावणार कशाने? जवळ होते भाज्या, रंग, आठवड्याचे वार आणि पाच-सहा क्रियापदं. त्यात पायऱ्या पाडता येत नव्हत्या. शोधून शोधून त्यांना एकच शब्द सापडला.

"पुर्क्वा?" का?

त्यांनी काकूंना हा प्रश्न मराठीत कधी विचारला होता? काकू आठवत राहिल्या. विचारला असेलही. पण विचारून त्याचं उत्तर स्वतःच दिलं नाही, असं मात्र आज पहिल्यांदाच घडत होतं.

"जेम मों त्राव्हाय," काकू म्हणाल्या. मला माझं काम आवडतं. मग त्या थांबल्या. कारण झालं होतं, गुण मिळाले असते. पण जीभ सैल झाली होती आणि धड्यातली क्रियापदं एकामागून एक हाताशी येत होती. "त्यु नं दमांद पा." तू विचारत नाहीस.

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. काका काकूंकडे बघत होते. परीक्षा देणारा माणूस असा बघत नाही.

"व्हू," काका म्हणाले. मग वाक्य जुळवून म्हणाले, "व्हू व्हूले क्वा?"

तुम्हाला काय हवंय?

"काका, त्यु," मॅडमनी सवयीने दुरुस्त केलं. "त्यु व्हं क्वा. बायको आहे ना."

"नाही," काका म्हणाले, चक्क मराठीत. "व्हूच."

मॅडमनी दोन गुण कापले. एक चुकीचा, एक मराठीचा.

जिन्यात काका म्हणाले, "ते खरं होतं का? की परीक्षेपुरतं?"

काकूंच्या ओठांवर त्यु आलं होतं. पण जिना मराठी होता. "अहो, खरं होतं," त्या म्हणाल्या. काका कठड्याला धरून उभे राहिले. नर्स वर येत होती, ती दोघांना बघून म्हणाली, "पेपर कठीण होता का हो?"

"ह्यांना सोपा गेला," काका म्हणाले.

ह्यांना! काकूंनी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी उभं आहे की काय.

दुकान

दुसऱ्या दिवशी घेणारा आला. तरतरीत माणूस, हातात मोजपट्टी. त्याने पुढचं कपाट मापलं, पाटी मापली, दार मापलं. काकांनी त्याला खुर्ची दिली आणि मागच्या खोलीचा पडदा बाजूला करून आत आले.

"ते आलेत," काका म्हणाले. "काय सांगू?"

काकू चष्म्याची काडी गरम करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "नाही म्हणून सांगा."

"कारण विचारतील."

"विचारू देत. तुम्हाला तरी ठाऊक आहे का कारण?"

काकांनी बाकावरच्या भिंगांवरून नजर फिरवली. मग ते म्हणाले, "कामाचं म्हणालीस. पण हे काम म्हणजे... इथे असतं काय एवढं? मी तर कधी बसलोच नाही इथे."

"बसा की मग."

बसायला जागा नव्हती. काकूंनी स्टुलावरचे फ्रेमींचे खोके उतरवले. काका बसले, स्टूल बुटकं, त्यामुळे गुडघे छातीशी आले. काकूंनी हात पुढे करून त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला.

"अगं!"

"हलू नका." काकूंनी चष्मा काड्या गरम करायच्या यंत्राच्या वाऱ्यात धरला आणि अंगठ्याने डावी काडी एवढीशी वाकवली. "तुमचा डावा कान उजव्याच्या वर आहे."

"कधीपासून?"

"मला काय विचारता? मी आले तेव्हा होताच."

"आणि मला कसं माहीत नाही?"

"चष्मा सरळ बसतो ना? मग कसं कळणार?"

काकांनी दोन्ही हातांनी दोन्ही कान चाचपून पाहिले. एकदा डावा, एकदा उजवा, मग दोन्ही एकदम. "सगळ्यांचे असे असतात?"

"सारखे कुणाचेच नसतात. पण प्रत्येकाचा फरक वेगळा. शंकासुरांचा तर एक कान पुढे आहे आणि..."

"पुढे? म्हणजे कसा पुढे?" काकांनी स्टूल जवळ ओढलं.

"अहो काका," बाहेरून आवाज आला, "मग आपलं काय ठरलं?"

काकांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. चष्म्याशिवाय पडद्यापलीकडे त्यांना नुसता एक करडा ठिपका दिसत होता.

"आपलं नाही ठरलं," ते ठिपक्याला म्हणाले. "आमचं ठरलंय. दुकान द्यायचं नाही. मी मुलाकडे जाऊन येईन एकदा. ह्या इथेच आहेत." आणि पुन्हा काकूंकडे वळून, "हां, पुढे म्हणजे कसा?"